मुक्कामाची शाळा

भुसावळ सोडून गाडी नागपूरच्या दिशेने निघाली की वरणगाव, आचेगाव आणि मग बोदवड लागतं. पुढे मलकापूर आलं की खानदेश मागे पडतो आणि वऱ्हाड सुरू होतो. आज ही हद्द आपल्याला फक्त बोलीत आणि जेवणाच्या ताटात जाणवते. इंग्रजी अमलात ती सरकारी हद्द होती. बोदवड मुंबई इलाख्यातल्या पूर्व खानदेशात, तर मलकापूर मध्य प्रांत व वऱ्हाडात. दोन्ही गावं एकाच रुळावर, पण सरकारं दोन. हा रूळ १८६७ साली नागपूरला पोचला, तेव्हापासून तो या दोन मुलुखांना बांधून आहे.

या रुळाचा उल्लेख सुरुवातीलाच करण्याचं कारण असं, की आज मी ज्याचा इतिहास सांगणार आहे त्यातली बरीच गावं भुसावळ जंक्शनवरून फुटणाऱ्या वाटांवरच येतात. विषय ऐकून कदाचित काहींना हसू येईल. इतिहास म्हटला की आपल्याला राजे, लढाया आणि तह आठवतात. मी बोलणार आहे शाळेच्या मुक्कामी सहलीबद्दल. पाठीवर पिशवी घ्यायची, पायी निघायचं, संध्याकाळी एखाद्या झाडाखाली किंवा देवळाजवळ तळ टाकायचा, स्वतः रांधून जेवायचं, शेकोटीभोवती बसायचं, रात्र उघड्यावर काढायची आणि सकाळी परतायचं. स्काऊटच्या भाषेत हिला हाईक म्हणतात. आपल्यापैकी अनेकांनी ती केली असेल. पण ही एक रात्र आपल्या मुलांना सुखासुखी मिळालेली नाही. त्यासाठी मोठ्या माणसांना झगडावं लागलं आहे.

गोष्ट सुरू होते १८७६ साली. त्या वर्षी रॉबर्ट बेडन-पॉवेल नावाचा १९ वर्षांचा एक इंग्रज लष्करी अधिकारी लखनौच्या छावणीत दाखल झाला. पुढे मेरठला घोडदळाच्या पलटणीचा प्रमुख असताना तो आपल्या शिपायांना एक वेगळं शिक्षण देऊ लागला. रानात वाट कशी काढायची, माग कसा ओळखायचा, दोघाचौघांनीच जाऊन टेहळणी कशी करायची, असं ते शिक्षण होतं. त्यावर त्याने लिहिलेलं छोटं पुस्तक १८९९ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं. माफेकिंग गावाचा वेढा त्याने २१७ दिवस झुंजवला. त्या वेढ्यात गावातली पोरं निरोप पोचवण्याची कामं करत होती. तो इंग्लंडला परतला तेव्हा शिपायांसाठी लिहिलेलं त्याचं पुस्तक तिथल्या शाळांमधली मुलं वाचू लागली होती.

मग १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्याने ब्राऊनसी नावाच्या एका बेटावर सुमारे वीस मुलांना घेऊन तळ ठोकला. आठवडाभर ही मुलं तंबूत राहिली. जगातल्या स्काऊट चळवळीचा उगम या तळात मानतात. त्यातली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. निम्मी मुलं बड्या घरांतली होती, ईटन आणि हॅरोसारख्या महागड्या शाळांत शिकणारी. उरलेली गावातल्या कामकरी घरांतली. वर्गणीसुद्धा ऐपतीप्रमाणे होती. श्रीमंत मुलांना एक पौंड, गरिबांना साडेतीन शिलिंग. तळावर मात्र सगळे एका तंबूत. ज्या इंग्लंडात उमरावाचा मुलगा मजुराच्या मुलाशेजारी एरवी बसलाही नसता, तिथे ही गोष्ट साधी नव्हती. म्हणजे मुक्कामाची ही शाळा पहिल्या दिवसापासूनच माणसामाणसांतली भिंत पाडणारी होती.

ही चळवळ हिंदुस्थानात आली ती मात्र एक नवी भिंत घेऊन. १९०९ साली कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगळूरला पहिलं स्काऊट पथक काढलं. १९११ मध्ये मुलींचं पहिलं गाईड पथक निघालं जबलपूरला. आपल्या भुसावळहून इटारसीमार्गे जो रूळ जातो, त्यावरचंच हे जबलपूर. ही दोन्ही पथकं होती युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांना प्रवेश नव्हता. सरकारची भीती उघड होती. ज्या पोरांना वाट काढता येते, खुणांनी निरोप देता येतो, रात्र रानात काढता येते, ती उद्या क्रांतिकारकांना जाऊन मिळाली तर? बंगालमधल्या बाँबच्या घटना तेव्हा ताज्या होत्या. जी विद्या मेरठच्या छावणीत, हिंदुस्थानच्या मातीवर घडली, तीच हिंदुस्थानच्या मुलांना बंद होती.

यातली आणखी एक गंमत पाहा. लहान मुलांसाठी, म्हणजे कबसाठी, बेडन-पॉवेलने १९१६ साली जो अभ्यासक्रम तयार केला, त्याचा सगळा साज किपलिंगच्या जंगल बुकमधून घेतला होता. अकेला लांडगा, बगीरा, बल्लू ही त्यातली मंडळी. ही गोष्ट घडते ती सिवनीच्या डोंगरांत आणि वैनगंगेच्या काठी. म्हणजे आपल्याच सातपुड्याच्या पूर्वेकडच्या अंगाला. यावल-रावेरच्या शेतातून उत्तरेला जी निळी रांग दिसते, तीच पुढे पूर्वेकडे जाते. लंडनची मुलं सातपुड्यातल्या लांडग्याचा खेळ खेळत होती आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलांना दाराबाहेर उभं केलं होतं.

आपल्या माणसांनी परवानगीची वाट पाहिली नाही. १९१३ मध्ये शाहजहानपूरला पंडित श्रीराम वाजपेयींनी हिंदी मुलांचं पथक उभं केलं. त्याच सुमारास मध्य प्रांतात व्हिव्हियन बोस यांनी हेच काम हाती घेतलं. हे बोस पुढे नागपूर उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. मलकापूरपलीकडच्या मुलुखातली ही घडामोड. १९१६ साली ॲनी बेझंट यांनी मद्रासला हिंदी मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली. त्यांच्या मुलांच्या डोक्यावर साहेबी हॅट नव्हती, पागोटं होतं. पाठोपाठ पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि वाजपेयी यांनी अलाहाबादला सेवा समितीची स्काऊट संघटना उभारली. यात्रा-मेळ्यांत हरवलेली लेकरं शोधणं, आजारी यात्रेकरूंना दवाखान्यात पोचवणं, असली कामं ही मुलं करू लागली. टेहळणीचा खेळ इथे सेवेच्या कामाला लागला. माझ्या मते हा खेळ खरा भारतीय झाला तो इथे.

१९२१ साली खुद्द बेडन-पॉवेल हिंदुस्थानात आले. हिंदी मुलांची पथकं त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि दार उघडलं. बेझंटबाईंची संघटना मुख्य चळवळीत सामील झाली, सेवा समिती मात्र वेगळी राहिली. पुढे १९३७ मध्ये दिल्लीला अखिल भारतीय मेळावा भरला. त्यासाठी ते पुन्हा आले आणि नंतर भारतीयांच्या चारित्र्याविषयी काही अनुदार लिहून गेले. देशभर संताप उसळला. त्यातून १९३८ साली हिंदुस्थान स्काऊट ही संघटना उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर मौलाना आझादांसारख्यांनी पुढाकार घेतला आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी हे वेगवेगळे प्रवाह एकत्र येऊन भारत स्काऊट्स झाले. १५ ऑगस्ट १९५१ ला गाईड्सही त्यात आल्या. आज या संस्थेचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे पचमढीला, पुन्हा सातपुड्यातच. भुसावळहून जबलपूरच्या गाडीत बसायचं आणि पिपरियाला उतरायचं.

हा झाला देशाचा इतिहास. आपल्या खानदेशापुरतं बोलायचं तर या शिक्षणाची मुळं आपल्याकडे आधीपासूनच होती, आणि ती स्काऊटच्या गणवेशात नव्हती.

बोदवडच्या शेजारी मुक्ताईनगर. तिथून मुक्ताईची पालखी दर वर्षी पंढरपूरला जाते. महिनाभर चाल, रोज नवा मुक्काम, तीन दगडांची चूल, आणि रात्री भजन. मुक्काम हा शब्द आपल्या म्हाताऱ्या माणसांना शिकवावा लागत नाही. जी गोष्ट साहेबाने तंबूत शिकवली, ती वारकरी दिंडीत शिकत आले आहेत. कमीत कमी सामान घ्या, मागे पडलेल्याला सोडू नका, मिळेल ते वाटून खा.

दुसरं उदाहरण अमळनेरचं. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि शाळेचं छात्रालय सांभाळत होते. मुलांच्या खोल्या झाडणारे, त्यांचे अंथरूण-पांघरूण आवरून ठेवणारे आणि रोज हाताने लिहून छात्रालय दैनिक काढणारे गुरुजी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. मूल घराबाहेर रात्र काढतं तेव्हा ते काय शिकतं, हे त्यांना नेमकं कळलं होतं. आपलं काम आपण करायचं, आणि शेजारच्या खाटेवर कोणत्या जातीचा मुलगा झोपला आहे हे विचारायचं नाही.

तिसरं उदाहरण फैजपूरचं. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन तिथे झालं. पंडित नेहरू अध्यक्ष होते. नंदलाल बोस यांनी बांबू आणि साध्या गावठी सामानातून टिळकनगर सजवलं होतं. तोही एक भला मोठा तळच. सडा-झाडू, पाणी, स्वयंपाक, पहारा, सगळं स्वयंसेवकांच्या अंगावर होतं. शेतात तळ उभारून देशाचं काम करता येतं, हे तापीकाठच्या एका पिढीने तेव्हा पाहिलं.

स्वयंपाकाचंही तसंच. स्काऊटच्या परीक्षेत बिनभांड्याचा स्वयंपाक नावाचा एक भाग असतो. भांडं न वापरता, निखाऱ्यावर, पानात गुंडाळून शिजवायचं. पुस्तकात ही मोठी कसोटी म्हणून दिलेली आहे. खानदेशात हिवाळा लागला की कोणत्याही शेतात काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात आणि त्यांचं भरीत होतं. गोवऱ्यांवरची बट्टी तर घराघरांतली. आमच्याकडच्या पोराला या परीक्षेत कोण नापास करणार?

आता थोडं माझ्या अनुभवाचं सांगतो. १९७२ च्या दुष्काळाची आठवण तेव्हा ताजी होती. सुकडीची आणि लाल मिलोची चव अजून तोंडात होती. साल १९७४, डिसेंबर महिना, मी नववीत. आमच्या स्काऊट पथकाची हाईक ठरली. चोवीस मुलं, तीन संघ: वाघ, सिंह आणि गरुड. बोदवडहून निघायचं, शेतवाटांनी शिरसाळ्याकडे जायचं, मारुतीजवळ मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परतायचं. शिरसाळ्याचा मारुती म्हणजे डोक्यावर छप्पर न घेणारा देव, अशी त्याची ख्याती. मुलांच्या उघड्यावरच्या मुक्कामाला याहून चांगला यजमान कुठला मिळणार?

सामानाची यादी सरांनी फळ्यावर लिहून दिली होती. एक सतरंजी, एक चादर, ताट, पावशेर पीठ, दोन वांगी, मीठ, मिरच्या, काड्यापेटी, दोर आणि पाणी. पाण्याच्या शब्दाखाली दोन रेघा होत्या. आमचा भाग कोरडवाहू, कापसा-ज्वारीचा. केळीच्या बागा तिकडे तापीकाठी. विहिरीवर जाऊन मागू तेव्हा पाणी मिळेलच असं नव्हतं. वॉटरबॅग फक्त एकाच मुलाकडे होती, त्याचे वडील रेल्वेत होते. बाकीच्यांनी काचेच्या बाटल्यांना ओलं फडकं गुंडाळलं होतं. घोट मोजून प्यायचं ही सवय त्या दिवशी लागली, ती अजून सुटलेली नाही.

वाघ संघ अर्धा तास आधी निघाला. वाटेत मातीत खुणा करत जायचं काम त्यांच्याकडे होतं. बाण असेल तर या वाटेने या, फुली असेल तर इकडे वळू नका, वर्तुळात टिंब असेल तर आम्ही घरी गेलो. मागच्यांनी त्या खुणा वाचत यायचं. कपाशीचं रान, तुरीची पिवळी फुलं, बांधावरच्या बोरी. रोज ज्या शिवाराच्या कडेने शाळेत येत होतो, तेच शिवार त्या दिवशी वाचण्याजोगं झालं. उताराची दिशा कोणती, नाला कुठून वळतो, दक्षिणेला धूसर दिसणारी अजिंठ्याची रांग आणि आपण यांच्यात किती गावं आहेत, हे भूगोलाच्या तासाला कधी कळलं नव्हतं.

संध्याकाळी चुली मांडल्या. आमच्या पथकात बौद्धवाड्यातली दोन मुलं होती. दोघांनी आपली पुरचुंडी घेऊन थोडं बाजूला तीन दगड लावायला घेतले. त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती, ते त्यांना न सांगता समजत आलेलं होतं. सरांनी ते पाहिलं. त्यांनी मधोमध एक मोठी परात ठेवली आणि सगळ्यात आधी त्या दोघांना बोलावलं. म्हणाले, "टाका पीठ." दोघांनी टाकलं. मग एकेकाने येऊन आपापलं टाकलं. कोणाची ज्वारी, कोणाची बाजरी, कोणाचा कळणा, एखाद्याचा गहू. सरांनी बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात घालून सगळं पीठ एक केलं. मग आमच्याकडे पाहून एवढंच बोलले, "आता ज्याला आपलं पीठ वेगळं पाहिजे, त्याने निवडून घ्यावं."

कोण निवडणार? पीठ मळलं, जाड गोळे थापले, पळसाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यात सारले. वर करपलेले आणि आत कच्चे असे पानगे आणि त्यावर वांग्याचं भरीत. जेवायला गोल करून बसलो, कारण गोलाला शेवट नसतो. त्या जेवणाला चव होती असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर बावन्न वर्षांच्या आसपास काळ गेला, मोठमोठ्या लग्नांत जेवलो, आणि आठवतं ते हेच जेवण.

रात्री दोघादोघांचा पहारा होता. मध्यरात्रीनंतर माझी पाळी आली ती त्या दोघांपैकी एकाबरोबर. थंडी मी म्हणत होती. मृग पश्चिमेकडे झुकला होता, उत्तरेला सप्तर्षी वर येत होते. दूरवर मालगाडीच्या इंजिनाची शिटी ऐकू आली. त्याने विचारलं, "तुझ्या घरी सांगशील का रे, परातीचं?" मी म्हणालो, "सांगेन." त्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मी बी सांगीन. पण माझी माय खरं मानायची नाही."

परतल्यावर दोन-तीन पालक शाळेत आले. आवाज चढले. सरांनी त्यांना स्काऊटचा नियम वाचून दाखवला. स्काऊट हा प्रत्येकाचा मित्र आणि दुसऱ्या प्रत्येक स्काऊटचा भाऊ असतो, असा त्याचा अर्थ. ते म्हणाले, "हे मी लिहिलेलं नाही. आणि मुलांना आता भावासारखं जेवता येतं, ते मला परत शिकवता येणार नाही." प्रकरण तिथेच मिटलं. गावातली जात त्या रात्री संपली असं कोणी समजू नये. ती अजूनही संपलेली नाही. पण चोवीस मुलांना तिच्यावाचून एक रात्र काढता येते, हे चोवीस मुलांनी पाहिलं. पाहिलेली गोष्ट न पाहिल्यासारखी करता येत नाही.

पुढे मी शिक्षक झालो. नव्वदच्या दशकात, खानदेशातल्याच एका गावी, गाईडच्या मुलींची मुक्कामी हाईक न्यायची असं आम्ही ठरवलं. मुलांच्या वेळी पालकांची एकच सही लागे. मुलींच्या वेळी बैठकच बोलवावी लागली. वडीलमंडळी म्हणाली, "दिवसा न्या, दिवेलागणीला आणून सोडा." आमच्या एक सहकारी शिक्षिका होत्या. त्यांनी तोडगा काढला. म्हणाल्या, "ज्या आयांना यायचं असेल त्यांनी यावं. आमच्याबरोबर राहावं आणि डोळ्यांनी पाहावं." सहा आया आल्या. मुक्काम फार लांब नव्हता, गावापासून पाच-सहा किलोमीटरवरच्या एका मळ्यात होता. शेकोटीचा कार्यक्रम संपल्यावर त्यातली एक माउली मला म्हणाली, "सर, लग्नाला अठरा वर्षं झाली. सासर, माहेर आणि दवाखाना, या तीन जागा सोडून मी कुठं रात्र काढली नव्हती."

जबलपूरला १९११ मध्ये पहिल्या गाईड तंबूत गेल्या त्या परक्या राज्यकर्त्यांच्या मुली. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी आमच्या गावातली एक शेतकरीण सतरंजीवर पडून आभाळ पाहत होती. इतिहासाच्या पुस्तकात याची नोंद होणार नाही. पण एखादी गोष्ट लोकांपर्यंत पोचायला किती काळ लागतो, ते यावरून मोजता येतं.

आता आजचं पाहू. शाळांच्या सहली आजही निघतात. पण बहुतेकींचा नमुना एकच असतो. पहाटे बस येते, तिचा दिवसभर पाच ठिकाणी हजेरी लावण्याचा कार्यक्रम असतो, वाटेत हॉटेलात जेवण आणि रात्री उशिरा परत. एखादी पाण्याच्या खेळांच्या बागेत जाते. मुलं मजा करतात, त्यात गैर काही नाही. पण या सहलीत मूल प्रेक्षक असतं. ते काही रांधत नाही, काही उचलत नाही, कोणाची वाट पाहत नाही, कोणासाठी थांबत नाही. पैसे भरणारं येतं आणि न भरू शकणारं घरी राहतं. साडेतीन शिलिंगांची सोय तिथे नसते.

मुक्कामी हाईक मागे पडण्याचं एक कारण भीती आहे, आणि ती भीती खोटी नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला गेलेले विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. चौदा जीव गेले. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाच्या पोटात गोळा आला. शिक्षण खात्याने त्यानंतर सहलींचे नियम कडक केले, धोक्याच्या जागा वर्ज्य केल्या. ते योग्यच झालं. ज्यांची लेकरं गेली, त्यांच्या दुःखापुढे कोणताही युक्तिवाद टिकत नाही.

पण नियम कडक करणं वेगळं आणि मुलांना दाराआड ठेवणं वेगळं. खरं तर हाईकची जुनी शिस्त हीच मोठी सुरक्षा होती. निघण्याआधी गुरुजी स्वतः जाऊन जागा पाहून येत. ज्या गावात उतरायचं, तिथल्या पोलीस पाटलाला आणि सरपंचाला कळवलेलं असे. प्रत्येक मुलाला एक जोडीदार नेमून दिलेला, एकट्याने कुठेही जायचं नाही. दर तासाला शिट्टी आणि मोजणी. विहिरीत, नाल्यात, तळ्यात पाय घालायचा नाही. प्रथमोपचाराची पेटी संघनायकाच्या खांद्यावर. मुली असतील तर शिक्षिका हव्यातच. आता तर मोबाईल आहे, रुग्णवाहिकेचा नंबर आहे. आमच्या सरांकडे एक कंदील आणि एक सायकल होती.

शिवाय मुक्काम लांबच हवा असंही नाही. सह्याद्रीतले गड नसतील तर नसोत. गावाबाहेरचा मळा चालतो, देवळाचं आवार चालतं. काहीच जमलं नाही तर शाळेचं मैदान आहे. एक संध्याकाळ पाच किलोमीटर फिरून या, मैदानात तीन चुली मांडा, पीठ एका परातीत टाका, आणि सकाळी प्रार्थनेच्या घंटेपर्यंत तिथेच राहा. दिवसा जी शाळा मुलांना बाकांवर अंतराअंतराने बसवते, तीच शाळा रात्री त्यांना एका सतरंजीवर झोपवते. हा धडा पाठ्यपुस्तकात घालता येत नाही.

इंग्रज सरकार आपल्या मुलांना ही रात्र द्यायला घाबरलं, कारण अशा रात्रीतून बाहेर पडलेलं मूल पूर्वीइतकं आज्ञाधारक राहत नाही, हे त्याला कळत होतं. वाजपेयींनी, बोसांनी, बेझंटबाईंनी आणि मालवीयजींनी ती रात्र आपल्या मुलांसाठी मिळवली. साने गुरुजींसारख्यांनी तिच्यामागचा अर्थ खानदेशच्या मातीत रुजवला. आता ती नाकारायला कोणी परकं सरकार नाही. ती सुटत चालली आहे ती आपल्या कंटाळ्यामुळे आणि काळजीमुळे.

म्हणून एक विनंती. या हिवाळ्यात तुमचा नातू किंवा नात शाळेतून चिठ्ठी घेऊन आली, की एक रात्र मुक्कामाला जायचं आहे, तर आधी नीट चौकशी करा. कोण बरोबर आहे, जागा कोणती आहे, पाण्याची सोय काय, सगळं विचारा. समाधान झालं की सही करा. आणि पिशवीत पावशेर पीठ बांधून द्या. ते कोणत्या परातीत जाईल, हे मात्र विचारू नका.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)